दहा फुटांच्या खोलीत कोणती प्राइम लेन्स?

प्रश्न : मी परळला राहतो. गेल्या वर्षी कॅननचा ईओएस आर८ हा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा २४-५० मिमीच्या किट लेन्ससह घेतला. घरातले समारंभ, लालबाग-परळच्या गणपती कारखान्यांतले काम आणि आमच्या हौशी नाट्यसंस्थेचे प्रयोग हे माझे छायाचित्रणाचे विषय आहेत. प्रकाश कमी झाला की आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १२८००पर्यंत चढतो आणि चित्रात दाणे दिसू लागतात, म्हणून दोन-तीन प्राइम (झूम नसलेल्या) लेन्स घ्यायचे ठरवले आहे. परंतु माझ्या कॅमेऱ्याच्या आरएफ माउंटमध्ये (लेन्स बसवायच्या जोडणीत) एकतर लहान, स्वस्त लेन्स दिसतात, नाहीतर थेट लाखाच्या पुढच्या ‘एल’ मालिकेतल्या. मित्रांच्या दुसऱ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांना सिग्मा आणि टॅमरॉनच्या लेन्स बसतात, माझ्या कॅमेऱ्यासाठी त्या मिळत नाहीत. कॅमेरा विकून दुसऱ्या सिस्टीममध्ये जावे का? नाही, तर कोणत्या लेन्स घ्याव्यात?
— एक वाचक, परळ

उत्तर : तुमची तक्रार खरी आहे. कॅननने आरएफ माउंट २०१८ साली आणला आणि इतर कंपन्यांना त्यात सहजासहजी शिरू दिले नाही. २०२४मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन यांनी आरएफसाठी लेन्स जाहीर केल्या, परंतु त्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी होत्या. फुल फ्रेमवर ऑटोफोकस हवा असलेल्या माणसाला मुख्यतः कॅननच्याच दुकानाकडे पाहावे लागते आणि तिथे मधल्या किमतीची फळी बरीच रिकामी आहे. तरीही कॅमेरा विकू नका. वापरलेला कॅमेरा विकताना जेवढे पैसे बुडतील तेवढ्यात एक चांगली लेन्स येते. शिवाय तुम्ही लिहिलेल्या तीन कामांसाठी मुळात दोनच लेन्स लागतात आणि त्या दोन्ही आरएफमध्ये आहेत.

आधी दाण्यांचे पाहू. तुमची किट लेन्स ५० मिमीला जास्तीत जास्त एफ/६.३ इतकीच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे). एफ/१.८च्या लेन्समधून सेन्सरवर तिच्या सुमारे बारापट प्रकाश पडतो. म्हणजे ज्या दृश्याला आज आयएसओ १२८०० लागतो, तेच दृश्य त्याच शटर वेगाने साधारण आयएसओ १०००वर टिपता येईल. हा फरक इतका मोठा आहे की एफ/१.८ची कोणतीही लेन्स घेतली तरी तुमची पहिली अडचण सुटेल. म्हणून एफ/१.२च्या महागड्या लेन्सकडे पाहत हळहळण्याचे कारण नाही. एफ/१.८वरून एफ/१.२वर गेल्यास प्रकाश सव्वादोनपट होतो, ‘एल’ मालिकेत किंमत आणि वजन मात्र त्याहून कितीतरी अधिक वाढते.

आता खरा प्रश्न फोकल लेंग्थचा, म्हणजे लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याचा. त्याचे उत्तर लेन्सच्या यादीत शोधू नका, घरात मोजपट्टी घेऊन शोधा. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असतो, त्यामुळे ३५ मिमीच्या लेन्सचा हिशेब तोंडपाठ ठेवण्याइतका सोपा आहे : कॅमेरा आडवा धरला, तर विषय जितक्या अंतरावर आहे साधारण तितकीच रुंदी चौकटीत येते. सात फुटांवरून सात फूट, दहा फुटांवरून दहा फूट. ५० मिमीच्या लेन्समध्ये अंतराच्या सुमारे ७२ टक्के रुंदी मिळते आणि ८५ मिमीमध्ये ४२ टक्के. परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत कपाट, सोफा-कम-बेड आणि भिंतीला टेकून बसलेले पाहुणे वजा केले, तर छायाचित्रकाराला मागे सरकायला सात-आठ फूट मिळतात. उभा कॅमेरा धरून उभ्या माणसाला डोक्यापासून पावलापर्यंत, थोडी मोकळी जागा सोडून घ्यायचे असेल, तर ३५ मिमीला सहा फूट पुरतात, ५० मिमीला पावणेनऊ फूट लागतात आणि ८५ मिमीला जवळपास पंधरा फूट, म्हणजे तुम्हाला खोलीबाहेर, गॅलरीत जाऊन उभे राहावे लागेल.

पहिली प्राइम म्हणून ५० मिमी घ्या, असे तुम्हाला दहा जण सांगतील आणि आरएफ ५० मिमी एफ/१.८ ही या माउंटची सर्वांत स्वस्त फुल फ्रेम प्राइम असल्याने सल्ला मोहात पाडणाराही आहे. मोठ्या अंगणाच्या, ओसरीच्या घरात तो बरोबरच ठरेल. मुंबईच्या घरात ५० मिमीने बारशाचे छायाचित्र काढताना पाळण्याभोवतीच्या चार बायकांपैकी दोघींचे खांदे चौकटीबाहेर राहतात, हे मी अनेकदा अनुभवले आहे. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : तुमची पहिली लेन्स आरएफ ३५ मिमी एफ/१.८ मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) असावी.

या निवडीमागे आणखी दोन कारणे आहेत आणि दोन्ही तुमच्या कॅमेऱ्याशी आणि कामाशी जोडलेली आहेत. आर८च्या बॉडीत सेन्सर हलवून हाताचा कंप शोषून घेणारी यंत्रणा नाही. त्यामुळे लेन्समध्येच स्टॅबिलायझेशन असणे तुमच्यासाठी महत्त्वाचे आहे. ते ३५ मिमीच्या या लेन्समध्ये आहे, ५० मिमी एफ/१.८मध्ये नाही. दुसरे कारण कारखान्यातले. ही लेन्स सेन्सरपासून १७ सेंटिमीटर अंतरापर्यंत फोकस करते आणि वस्तूची प्रतिमा सेन्सरवर मूळ आकाराच्या निम्म्यापर्यंत मोठी मिळते. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी चालली असताना कारागिराचा हात, बारीक कुंचला आणि अर्धवट उमटलेली बुबुळाची कड एवढेच चौकटीत घ्यायचे असेल, तर हे अंतर कामाला येते. तीच लेन्स घेऊन दोन पावले मागे गेलात की मांडवाखाली रांगेने उभ्या असलेल्या, अजून रंग न लागलेल्या मूर्ती आणि त्यांच्यामध्ये बसलेला तो कारागीर असे संपूर्ण दृश्य मिळते. लेन्स बदलायला न लागणे ही कारखान्यात मोठी सोय आहे, कारण तिथल्या हवेत प्लास्टरची पूड असते आणि उघड्या सेन्सरवर ती बसू नये असे कोणालाही वाटेल.

या लेन्सचे दोष आधीच माहीत असू द्या. फोकस करताना तिची नळी पुढेमागे होते, मोटारीचा हलका आवाज येतो आणि धूळ-पाण्यापासून बचाव करणारी रबरी कड तिला नाही. स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करते, समोरच्या माणसाला नाही. १/१५ सेकंदाला मूर्ती स्पष्ट येईल, पण तिच्यावर फिरणारा हात पुसट होईल. तो गोठवायचा असेल तर १/१६०च्या आसपास जावेच लागेल. कारखान्यात आणि मांडवात ट्यूब किंवा स्वस्त एलईडी असतील, तर चित्रावर आडवे पट्टे उमटू शकतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे १/५० किंवा १/१०० सेकंदाला हा त्रास सहसा टळतो आणि आर८मधली अँटी-फ्लिकर सोयही चालू ठेवावी.

आता नाटक. प्रेक्षागृहात मोजपट्टी उलट बोलते, तिथे जागा मुबलक असते आणि पुढे जायची मुभा नसते. रंगमंचापासून तीस फुटांवर बसलात, तर ८५ मिमीमध्ये पावणेतेरा फूट रुंदी येते, म्हणजे संवाद करणारी दोन-तीन पात्रे आणि त्यांच्यामधले अंतर. नाटकात ते अंतरच बोलत असते, म्हणून ही चौकट मला रंगमंचासाठी फार योग्य वाटते. आरएफ ८५ मिमी एफ/२ मॅक्रो ही तुमची दुसरी लेन्स होय. वजन ५०० ग्रॅम, स्टॅबिलायझेशन आहे आणि तुमच्या किटच्या एफ/६.३च्या तुलनेत दहापट प्रकाश. तिचा मुख्य दोष फोकसच्या गतीचा. अंधाऱ्या प्रवेशात ती कधीकधी जवळून दूरपर्यंत पूर्ण फेरी मारून येते आणि तेवढ्यात अभिनेत्याने मान वळवलेली असते. तिच्यावर फोकसची कक्षा मर्यादित करणारा खटका आहे. नाटकाला बसण्यापूर्वी तो अर्धा मीटर ते अनंत या स्थानावर ठेवा, त्रास बराच कमी होतो. शक्य असेल तर रंगीत तालमीलाच छायाचित्रे काढा. तालमीत तुम्हाला जागा बदलता येईल आणि प्रयोगाच्या वेळी शेजारच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांत तुमच्या कॅमेऱ्याच्या पडद्याचा उजेड जाणार नाही.

दोन्ही लेन्स एकदम घेऊ नका. आणि पहिलीही लगेच नको. तुमच्या किट लेन्समध्ये २४, २८, ३५ आणि ५० या चारही फोकल लेंग्थ आहेत. एक आठवडा झूम ३५वर ठेवा, चिकटपट्टी लावून ठेवलीत तरी चालेल, आणि पुढचा आठवडा ५०वर. दोन्ही आठवड्यांत घरात, रस्त्यावर आणि कारखान्यात चित्रे काढा. कोणत्या आठवड्यात तुम्ही जास्त वेळा मागे सरकू पाहत होता आणि कोणत्या आठवड्यात पुढे, एवढे वहीत लिहा. माझ्या सल्ल्यापेक्षा त्या नोंदीवर विश्वास ठेवा. ३५ मिमी घेतल्यावर गणपतीपासून दिवाळीपर्यंतचा काळ तिच्या एकटीवर काढा, मगच ८५कडे वळा.

एक बारीकशी गोष्ट राहिली. आर८मध्ये पूर्ण यांत्रिक शटर नाही, शटरची पहिली कड इलेक्ट्रॉनिक आहे. भर उन्हात लेन्स पूर्ण उघडी ठेवून १/२०००पेक्षा वेगाने चित्र काढलेत, तर मागच्या धूसर प्रकाशबिंदूंची वर्तुळे एका बाजूने कापल्यासारखी दिसू शकतात. तेव्हा पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर वापरा किंवा लेन्सवर प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावा. दोष लेन्सचा समजून ती परत करायला जाऊ नका.

प्रश्न : माझ्या वडिलांकडे फिल्मच्या काळातल्या कॅननच्या ईएफ ५० मिमी एफ/१.८ आणि ईएफ ८५ मिमी एफ/१.८ अशा दोन लेन्स आहेत. मी नुकताच कॅननचा आरएफ माउंटचा कॅमेरा घेतला आहे. दुकानदार म्हणतो, जुन्या लेन्स विका आणि नव्या घ्या. काय करावे?
— एक वाचिका, गिरगाव

उत्तर : ८५ मिमी अजिबात विकू नका. ज्या मधल्या फळीच्या रिकामेपणाबद्दल वरच्या पत्रात तक्रार आहे, ती फळी तुमच्या वडिलांच्या कपाटात भरलेली आहे.

ईएफ हा कॅननचा जुना माउंट १९८७ साली आला आणि पहिल्या दिवसापासून त्याचा कॅमेऱ्याशी संवाद विजेच्या संदेशांतून होतो. ईएफ लेन्सचे बूड सेन्सरपासून ४४ मिमी अंतरावर असावे लागते, आरएफमध्ये हे अंतर २० मिमी आहे. कॅननचा ईएफ-ईओएस आर अडॅप्टर म्हणजे मधले २४ मिमी भरून काढणारी पोकळ नळी, तिच्यात एकही काच नाही. त्यामुळे चित्राच्या गुणवत्तेत काही उणे होत नाही आणि ऑटोफोकस, डोळे ओळखून त्यांवर फोकस धरणे हे सारे चालते. साधारण तीस वर्षांपूर्वीच्या लेन्सला नव्या कॅमेऱ्याने जणू चष्मा दिला, असे मला पहिल्यांदा ही जोडी वापरताना वाटले, कारण जुन्या कॅमेऱ्यांवर जो फोकस थोडा पुढेमागे चुकायचा, तो आता सेन्सरवरच तपासला जातो आणि नेमका बसतो.

ईएफ ८५ मिमी एफ/१.८ ही १९९२ सालची लेन्स आहे. तिची मोटार झटपट आणि शांत आहे, वेगाच्या बाबतीत नव्या आरएफ ८५ मिमी एफ/२पेक्षाही मी तिला उजवी मानतो. मात्र तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही आणि ८५ सेंटिमीटरपेक्षा जवळ ती फोकस करत नाही. पूर्ण उघडी असताना चमकदार कडांना जांभळी झालर दिसते. नऊवारीची जर, नथ, चांदीचे तबक अशा गोष्टी उन्हात टिपताना हा दोष लगेच डोळ्यांत भरतो. एफ/२.८ केलेत की बहुतांशी जातो. गिरगावची गुढीपाडव्याची शोभायात्रा हे तिचे खरे मैदान, कारण तिथे सकाळचे भरपूर ऊन असते, लेझीम थांबत नाही आणि फोकसची चपळाई पणाला लागते.

५० मिमीचे उत्तर निराळे आहे. वडिलांची लेन्स १९९०ची प्लॅस्टिकच्या बुडाची असेल, तर तिच्यात छिद्राच्या पाच पात्या आहेत, मोटार करकरते आणि अडॅप्टर लावल्यावर ती नव्या १६० ग्रॅमच्या आरएफ ५० मिमीपेक्षा लांब आणि जड होते. रोजच्या वापरासाठी नवी घेणे योग्य ठरेल. जुनीला बाजारात फारसे मोल येणार नाही, तेव्हा वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्यावरच तिला राहू द्या. कॅमेरा चालत असेल, तर एक रोल घालून त्यांच्या हाती द्या.

प्रश्न : मुंबईतल्या जुन्या इमारतींची छायाचित्रे काढायची आहेत. आरएफ १६ मिमी एफ/२.८ घेऊ की २४ मिमी एफ/१.८?
— एक विद्यार्थी, दादर

उत्तर : २४ मिमी. इमारतीच्या भिंती चित्रात आत झुकलेल्या दिसतात, त्याचे कारण कॅमेरा वर कलता धरलेला असतो. कॅमेरा उभा आणि अगदी समपातळीत धरून राजाबाई टॉवरचे सुमारे २८० फूट चौकटीत बसवायचे असतील, तर २४ मिमीसाठी साधारण ३७० फूट मागे जावे लागते आणि ओव्हल मैदानात तेवढी जागा आहे. १६ मिमीने हेच सुमारे २५० फुटांवरून होते, पण त्या लेन्सच्या कोपऱ्यांतली वक्रता कॅमेरा आकडेमोडीने सरळ करतो आणि तसे करताना कोपरे ताणले जातात. मिनार, कमानी, गवाक्षे अशा नक्षीच्या कामात तो ताण जाणवतो. खोताचीवाडीसारख्या अरुंद गल्लीत मात्र मागे जाता येत नाही. तेवढ्याचसाठी १६ मिमी हवी असेल, तर ती नंतर घ्या.

प्रश्न : बजेट कमी असल्याने अडॅप्टरसह जुन्या ईएफ लेन्स फोर्टच्या बाजारातून घ्यायच्या आहेत. पावसाळ्यात बुरशीची भीती वाटते. काय तपासावे आणि घरी कशा ठेवाव्यात?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : भीती रास्त आहे. मुंबईतल्या वापरलेल्या लेन्समध्ये बुरशी हाच पहिला शत्रू आहे, ओरखडे आणि घासलेला रंग यांचे महत्त्व त्यापुढे नगण्य. माझी स्वतःची एक फसगत सांगतो. पूर्वी एका दुकानातून दुकानातल्याच ट्यूबच्या उजेडात पाहून १०० मिमीची लेन्स घेतली. घरी आल्यावर टॉर्च मारला तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले. दुकानदाराचे म्हणणे असे की फोटोत काही दिसत नाही. समोरून ऊन आले की सगळे चित्र दुधाळ होत असे आणि साफ करायला दिल्यावर कळले की काचेवरचा लेप बुरशीने खाल्ला आहे. तो परत येत नाही.

म्हणून खिशात छोटा टॉर्च घेऊनच जा. दोन्ही टोकांची झाकणे काढा, मागच्या बाजूने तिरपा उजेड टाका आणि पुढून पाहा, मग उलट करा. ईएफ लेन्स कॅमेऱ्यावर नसताना तिचे छिद्र पूर्ण उघडे असते, त्यामुळे आरपार दिसते. चार-दोन धूलिकण सोडून द्या. धागे, ठिपक्यांचे पुंजके किंवा काचेच्या कडेने आलेला धुरकटपणा दिसला, तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका, कारण ती बुरशी तुमच्या पेटीतल्या इतर लेन्सलाही धोक्यात आणते. त्यानंतर स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून एफ/१६ला एक चित्र काढा. छिद्राच्या पात्यांवर तेल चढले असेल, तर त्या अडखळतात आणि चित्र अपेक्षेपेक्षा उजळ येते. शेवटी जवळच्या आणि दूरच्या वस्तूवर आठ-दहा वेळा फोकस करून पाहा.

घरी ठेवण्यासाठी विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट सर्वोत्तम. ते परवडत नसेल, तर रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढे पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहू द्या. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात परत घाला. चामड्याच्या जुन्या केसमध्ये लेन्स ठेवू नका, चामडे ओल धरून ठेवते. पावसातून आल्यावर लेन्स ओल्या पिशवीतच बंद करून झोपी जाऊ नका. आधी कोरड्या सुती कापडाने बाहेरून पुसा, तासभर पंख्याखाली ठेवा आणि मगच डब्याचे झाकण लावा.